कॉलेज गार्ड्सचा गेम वर्षागणिक कसा बदलतो: शीटच्या नोंदी

४ मे २०२५

सीझन संपून महिना होत आला. पुरुषांचं टायटल फ्लोरिडाने ह्यूस्टनला ६५-६३ हरवून नेलं, महिलांचं यूकॉनने, आणि आता नोव्हेंबरपर्यंत कॉलेज बास्केटबॉल बंद. म्हणून बरेच दिवस डोक्यात असलेलं काम आता काढलंय. प्रश्न साधा आहे: अमेरिकन कॉलेजात १८-१९ वर्षांचा गार्ड (बॉल हाताळणारा, बाहेरून खेळणारा प्लेयर) येतो, तीन-चार वर्षांनी भलताच प्लेयर होऊन बाहेर पडतो, तर मधल्या काळात त्याच्या गेममध्ये नेमकं काय बदलतं? कॉमेंटेटर दर मॅचला सांगतात की पोरगा जाम इम्प्रूव्ह झालाय आणि पुरावा म्हणून स्क्रीनवर येते पॉइंट्सची सरासरी. मागच्या वर्षी १२, यंदा १८, झाला मोठा. मला हा पुरावा पटत नाही, का पटत नाही तेच आकड्यांत शोधायचंय.

शीटमध्ये सध्या कॉलम: वर्ष, मिनिटं, पॉइंट्स, असिस्ट (ज्या पासवर लगेच बास्केट होते), टर्नओव्हर (शॉट न होता बॉल समोरच्यांकडे जाणं), थ्रीची (लाइनबाहेरच्या तीन पॉइंटच्या शॉटची) टक्केवारी, फ्री थ्रोची (फाउलनंतरच्या मोकळ्या शॉटची) टक्केवारी, आणि शेवटी मोकळा कॉलम "त्या वर्षी आजूबाजूला काय बदललं". या मोकळ्या कॉलमकडून जास्त आशा आहे. प्लेयर मुद्दाम ओळखीचेच घेतलेत, म्हणजे त्यांच्या मॅचेस परत बघता येतात.

७ मे

सुरुवात कॅन्ससच्या फ्रँक मेसनपासून. चार वर्षांची मॅचमागे पॉइंट्सची सरासरी ५.५, १२.६, १२.९, २०.९. शेवटच्या वर्षी, म्हणजे २०१७ ला, देशातला बेस्ट प्लेयर. नुसतं बघितलं तर दोन उड्या दिसतात, पहिल्या वर्षानंतर एक आणि शेवटी एक. पण पहिल्या वर्षी तो जेमतेम १६ मिनिटं खेळत होता, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट. मिनिटांच्या हिशोबाने मोजलं की पहिली उडी जवळजवळ विरघळून जाते, पोरगा तितकाच होता, फक्त जास्त वेळ कोर्टवर होता. खरी उडी चौथ्या वर्षाची, तेव्हा मिनिटं फार वाढलेली नाहीत आणि थ्री थेट ४७.१ टक्क्यांनी जातायत.

मग मेसन गेला आणि त्याच्या शेजारी खेळणारा डेव्हॉन्टे ग्रॅहम पॉइंट गार्ड (टीमचा खेळ चालवणारा) झाला. असिस्ट ४.१ वरून ७.२. एका उन्हाळ्यात त्याला पासिंग यायला लागलं असं कोणी म्हणालं तर हसू येईल. पास त्याला आधीही दिसत होते, बॉल मेसनच्या हातात असायचा एवढंच.

केम्बा वॉकरचंही तसंच. यूकॉनमध्ये ८.९, १४.६, २३.५. ज्युनियर (तिसऱ्या) वर्षाआधी टीममधले जुने स्कोअरर निघून गेले, आणि त्याच वर्षी याचे असिस्ट ५.१ वरून ४.५ वर आले. म्हणजे पासर म्हणून मागे गेला का? नाही ना, शॉट मारणारा दुसरा कोणी उरलाच नव्हता. त्या वर्षी बिग ईस्ट या लीगच्या टूर्नामेंटमध्ये पाच दिवसांत पाच मॅच जिंकल्या आणि पुढे नॅशनल टायटलही.

मोकळ्या कॉलमसाठी शब्द ठरवला: "खुर्ची". वरची खुर्ची रिकामी झाली की सरासरी वाढते, ती आधी वजा करायची, मग बोलायचं.

११ मे

आज पूर्ण दिवस स्टेफ करी. एनबीएवाला (प्रोफेशनल लीगमधला) करी सगळ्यांना पाठ आहे, डेव्हिडसन कॉलेजवाला तितका नाही, आणि मला तरी तो जास्त इंटरेस्टिंग वाटतो.

२००६-०७, फ्रेशमन (पहिलं वर्ष), २१.५ पॉइंट्स, थ्री २९९ पैकी १२२, म्हणजे ४०.८ टक्के. पुढच्या वर्षी २५.९, थ्री ३६९ पैकी १६२ (तेव्हाचा एका सीझनचा रेकॉर्ड), ४३.९ टक्के, आणि नॅशनल टूर्नामेंटचा तो फेमस मार्च जिथे गोंझागा, जॉर्जटाउन, विस्कॉन्सिन एकामागे एक गेले आणि शेवटी कॅन्ससने ५९-५७ अडवलं. तिसऱ्या वर्षी २८.६, देशात सगळ्यात जास्त. पण थ्री ३३६ पैकी १३०, ३८.७ टक्के. पाच टक्क्यांनी घसरला!

आता हा आकडा एकटा कोणाला दाखवला तर तो म्हणेल शूटर बिघडला. मोकळ्या कॉलममध्ये बघा काय काय आहे. एक, जेसन रिचर्ड्स गेला. हा गार्ड आदल्या वर्षी ८.१ असिस्टसह देशात पहिला होता आणि करीचे कितीतरी शॉट त्याच्या पासवर यायचे, करी स्क्रीनमधून (साथीदार डिफेंडरची वाट अडवून उभा राहतो ती) पळत सुटायचा आणि बॉल हातात आला की लगेच सोडायचा. तो गेल्यावर करीच पॉइंट गार्ड, म्हणजे तेच शॉट आता स्वतः ड्रिबल करून, अंगावर माणूस घेऊन. दोन, आणि हे माझ्या आधी लक्षातच नव्हतं, २००८-०९ ला पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये थ्री पॉइंट लाइनच मागे गेली, १९ फूट ९ इंचांवरून २० फूट ९ इंच. रेकॉर्डवालं वर्ष हे जवळच्या लाइनचं शेवटचं वर्ष होतं. तीन, समोरच्या टीम आता फक्त यालाच धरायला यायच्या. नोव्हेंबर २००८ मध्ये लॉयोला मेरीलँडने मॅचभर दोन डिफेंडर त्याला चिकटवून ठेवले, करी कोपऱ्यात जाऊन शांत उभा राहिला, शून्य पॉइंट्स, आणि डेव्हिडसन ७८-४८ ने जिंकलं, कारण बाकीचे चार जण तीन जणांविरुद्ध खेळत होते. मला तर ही त्याची सगळ्यात मॅच्युअर मॅच वाटते. तीसच्या आसपास सरासरी असलेल्या वीस वर्षांच्या पोराला शॉट न मारता गप उभं राहायला सांगा आणि बघा किती जमतं ते.

हे सगळं अंगावर असताना काय टिकलं? फ्री थ्रो. ८५.५, ८९.४, ८७.६. हात तोच आहे, मनगट तेच आहे, शॉट अवघड झाले. असिस्ट २.९ वरून ५.६, टर्नओव्हर २.६ वरून ३.७. टर्नओव्हर वाढले म्हणून ओरडणाऱ्यांनी भागाकार करून बघावा, आधी एका टर्नओव्हरमागे एकाहून थोडा जास्त असिस्ट होता, नंतर दीड. जबाबदारी दुप्पट आणि हिशोब सुधारला. वाढ म्हणतात ती ही, आणि पॉइंट्सच्या कॉलममध्ये तिचा पत्ता नाही.

१८ मे

लाइनची गोष्ट डोक्यातून जाईना म्हणून उलटा शोध घेतला, लाइन जेव्हा जेव्हा सरकली तेव्हा कोण मधल्या वर्षांत होतं. पुरुषांची २०१९-२० ला परत सरकली, २२ फूट पावणेदोन इंच, म्हणजे इंटरनॅशनल लाइन, आणि सगळ्या देशाची थ्रीची टक्केवारी साधारण एक टक्क्याने खाली आली. महिलांची तीच लाइन २०२१-२२ पासून.

२०२१-२२ ला सोफोमोर (दुसऱ्या वर्षाला) कोण? केटलिन क्लार्क! आयोवात तिची थ्रीची टक्केवारी ४०.६, ३३.२, ३८.९, ३७.८. दुसऱ्या वर्षी मोठा खड्डा, अगदी लाइन सरकली त्याच वर्षी. तेव्हा तिच्यावर टीका काय होती ती आठवते, शॉट सिलेक्शन वाईट, फार लांबून मारते, वगैरे. लांबून मारते हे खरंच आहे, पण पुढची दोन वर्षं तर ती आणखी लांबून मारत होती आणि टक्केवारी वर आली. असिस्ट सलग वाढत गेले, ७.१, ८.०, ८.६, ८.९. चार वर्षांत ३९५१ पॉइंट्स, एनसीएएच्या (कॉलेजचे खेळ चालवणारी संस्था) सगळ्यात वरच्या डिव्हिजन वनमध्ये कोणाचेच इतके नाहीत.

करी आणि क्लार्क, मधे तेरा वर्षांचं अंतर, पुरुष आणि महिला, पूर्ण वेगळ्या टीम, आणि दोघांच्या तक्त्यात लाइन सरकलेल्या वर्षी खड्डा. फक्त लाइनमुळेच झालं असं छातीठोकपणे नाही म्हणणार, क्लार्ककडेही दुसऱ्या वर्षी डिफेन्स आधीपासून तयारी करून यायला लागले होते. पण नियम बदललेलं वर्ष शीटमध्ये लाल केलंय. पुरुषांचं शॉट क्लॉक (तेवढ्या वेळात शॉट मारायलाच लागतो) २०१५-१६ पासून ३५ चं ३० सेकंद झालं, तेही लाल, कारण क्लॉक संपत आल्यावरचे वाईट शॉट बहुतेक गार्डच्याच नावावर जातात.

२४ मे

फ्री थ्रोच्या कॉलमवर आज जरा जास्त वेळ. एका सीझनची थ्रीची टक्केवारी फार लबाड असते, दीडशे-दोनशे शॉटमध्ये नशिबाला भरपूर जागा. फ्री थ्रोला समोर कोणी हात घालत नाही, अंतर तेच, वेळ आपला, त्यामुळे शूटिंगचा हात कसा आहे ते तिथे जास्त खरं कळतं.

डेव्हिऑन मिचेल घ्या. ऑबर्नमध्ये थ्री २८.८ टक्के, मग बेलरला गेला, ट्रान्सफर म्हणून एक वर्ष बाहेर बसला, नंतर ३२.४, आणि २०२१ ला टायटल जिंकलं त्या वर्षी ४४.७! सगळे म्हणाले शूटर झाला. फ्री थ्रो मात्र त्याच वर्षी ६५ च्या आसपासच. एनबीएत पहिल्या वर्षी थ्री ३१.६ वर आले. मेहनत खोटी होती असं नाही, शॉट नक्की सुधारला होता, पण २८ वरून ४४ इतका नाही. डिफेन्स मात्र त्याचा पहिल्या दिवसापासून खणखणीत होता आणि ड्राफ्टमध्ये (एनबीएच्या टीम नवे प्लेयर निवडतात तो) नववा गेला तो बऱ्याच अंशी त्या डिफेन्सवर.

१ जून

आकडे बाजूला, आज फक्त व्हिडिओ. एकाच प्लेयरच्या पहिल्या आणि तिसऱ्या वर्षाच्या मॅच शेजारी शेजारी लावून पिक अँड रोल (साथीदार स्क्रीन लावतो आणि मग बास्केटकडे वळतो) बघितले, मुख्यतः व्हिलानोव्हाचा जेलन ब्रन्सन.

फ्रेशमन गार्डला स्क्रीन मिळाल्यावर त्याची नजर स्वतःच्या डिफेंडरवर असते, मागे राहिला का, मागे राहिला का. तेवढ्यात समोरचा बिग मॅन (उंच, बास्केटजवळ खेळणारा) बाहेर उडी मारून येतो, कॉलेजमध्ये हे हेज खूप चालतं, आणि पोरगा दचकून ड्रिबल उचलतो किंवा मागे पळतो, आणि पझेशनचे (बॉल आपल्याकडे असतानाचे) सात-आठ सेकंद गेले. दुसऱ्या वर्षी नजर बिग मॅनवर जाते. तो बाहेर येतोय की मागे थांबलाय हे बॉल स्क्रीनपाशी पोचायच्या आधी ठरलेलं असतं. तिसऱ्या वर्षी नजर तिसऱ्या माणसावर, लांबच्या कोपऱ्यातला शूटर सोडून आत मदतीला कोण येतोय तो. तो आत सरकला की पास कोपऱ्यात, नाही सरकला की रोल करणाऱ्याला. म्हणून तिसऱ्या वर्षीचा गार्ड हळू झाल्यासारखा दिसतो. पाय तेवढेच फास्ट आहेत, पण बिग मॅन बाहेर आला तर तो त्याला आणखी दोन ड्रिबल मुद्दाम लांब ओढतो आणि मग पास सोडतो. आपला डिफेंडर पाठीवर घेऊन, त्याला पुढे येऊ न देता, आत रेंगाळणं हेही ब्रन्सनकडूनच बघावं. दोन्ही पायांवर थांबायचं, पिव्होट (एक पाय रोवून फिरायचं), खोटा शॉट, परत पिव्होट, डिफेंडर हवेत. व्हिलानोव्हात गार्डलाही पोस्टअप शिकवायचे, बुटक्या गार्डने आत पाठ लावून खेळायचं, बघायला विचित्र वाटतं पण चालतं.

पहिल्या वर्षी रायन आर्चिडियाकोनो सिनियर (चौथ्या वर्षाला) होता, बॉल बराचसा त्याच्याकडे, ब्रन्सनचे ९.६ पॉइंट्स आणि २०१६ चं टायटल. मग १४.७, मग १८.९ आणि २०१८ चं टायटल. खुर्ची वजा केली तरी याचं उरतं, कारण शॉट वाढूनही शेवटच्या वर्षी फील्ड गोल पन्नास टक्क्यांच्या वर आहेत, ते पण सहा फुटांच्या आसपासच्या गार्डचे. तरी ड्राफ्टमध्ये ३३ वा. असो.

आणखी एक गोष्ट जी एनबीए बघणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही: कॉलेजमध्ये डिफेन्ससाठी तीन सेकंदांचा नियम नाही. बिग मॅन बास्केटखाली मुक्काम ठोकून बसू शकतो. त्यामुळे आत थेट घुसून लेअप (अगदी बास्केटजवळचा शॉट) मारणारा हायस्कूलचा हिरो कॉलेजात पहिले दोन महिने नुसता ब्लॉक खातो. यावर उपाय म्हणजे फ्लोटर (बिग मॅनच्या हातावरून उंच सोडलेला शॉट), किंवा मधूनच पुलअप (ड्रिबल थांबवून तिथूनच शॉट), आणि हे सीझन चालू असताना शिकून होत नाही. एनसीएएच्या नियमाने सीझनमध्ये आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, त्यात प्रॅक्टिस, वेट्स, व्हिडिओ सगळं आलं, मॅचचा दिवस तीन तासांचा धरतात. त्यात पुढच्या टीमची तयारी करणार की मनगट बदलणार? नवीन शॉट उन्हाळ्यात रिकाम्या जिममध्ये तयार होतो, नोव्हेंबरमध्ये फसतो, आणि जानेवारी-फेब्रुवारीत कधीतरी मॅचमध्ये न घाबरता निघतो. क्लिपमध्ये हे महिन्यानुसार दिसतंय, म्हणून आता शीटमध्ये सीझनचे दोन भाग केलेत, नवीन वर्षाच्या आधी आणि नंतर.

७ जून

काल कोर्टाने एनसीएएच्या सेटलमेंटला मंजुरी दिली, १ जुलैपासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतील. माझ्या प्रोजेक्टशी याचा संबंध आहेच. २०१८ ला ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू बघणाऱ्यांची यादी) आलं, २०२१ पासून पहिली ट्रान्सफर वर्षभर न बसता करता यायला लागली, त्याच वर्षी जुलैपासून नाव-चेहऱ्याचे (जाहिराती वगैरेंचे) पैसे. आता गार्ड खुर्ची रिकामी व्हायची वाट बघत नाही, दुसरीकडची रिकामी खुर्ची बघतो आणि निघतो.

वॉल्टर क्लेटन ज्युनियर हे ताजं उदाहरण. हायस्कूलमध्ये फुटबॉलसाठी जास्त ओळखला जायचा, आयोनाला रिक पिटिनोकडे पहिलं वर्ष साधंच, दुसऱ्या वर्षी १६.८, मग फ्लोरिडाला १७.६ आणि १८.३. आकडे बघून वाटेल दुसऱ्या वर्षानंतर थांबला. पण लीग बघा! आयोनाच्या लीगमधले डिफेंडर आणि एसईसीमधले (फ्लोरिडाच्या लीगमधले) डिफेंडर यात जमीन-अस्मानाचा फरक, तिथे तेवढेच पॉइंट्स काढणं म्हणजे बरीच वाढ. मार्च-एप्रिलमध्ये एलिट एटला (शेवटच्या आठांत) ३०, फायनल फोरला (शेवटच्या चारांत) ३४, असं लागोपाठ १९७९ च्या लॅरी बर्डनंतर कोणी केलं नव्हतं. शीटमध्ये "लीग" कॉलम टाकला.

१५ जून

टर्नओव्हर. ट्रे यंगचं एकच वर्ष, ओक्लाहोमा २०१७-१८, २७.४ पॉइंट्स, ८.७ असिस्ट, दोन्हींत देशात पहिला, असं आधी कोणीच केलं नव्हतं, आणि टर्नओव्हर ५.२. जा मोरँट दुसऱ्या वर्षी मरे स्टेटला २४.५ आणि १०.०, वीस-दहा करणारा पहिलाच, टर्नओव्हर तेवढेच ५.२. बॉल इतका वेळ हातात असेल तर जाणारच. मोजायचं ते किती गेले यापेक्षा कसे गेले. बॉल बाहेर गेला तर निदान डिफेन्स लावायला वेळ मिळतो, वरच्या वर चोरला तर समोर सरळ लेअप. लहान गार्डचे बरेच टर्नओव्हर दुसऱ्या प्रकारचे दिसतात, कोर्टच्या मधोमध, हवेत उडी मारून मग पास शोधताना. पाय जमिनीवर ठेवून पास करायची सवय लागली की हे कमी होतात. बॉक्स स्कोअरमध्ये (मॅचच्या आकड्यांच्या तक्त्यात) दोन्ही सारखेच, त्यामुळे हे हाताने मोजावं लागतंय, कंटाळवाणं काम.

२२ जून

सरळ वर न जाणारे. पेटन प्रिचर्ड, ओरेगन, चार वर्षं: ७.४, १४.५, १२.९, २०.५. तिसऱ्या वर्षी खाली, मग एकदम कॉन्फरन्सच्या टॉपला. तिसऱ्या वर्षानंतर कोणी त्याच्यावर फुली मारली असती तर? चार वर्षांचा आलेख एका वर्षावरून वाचायचा नाही, हे प्रत्येक ओळीत दिसतंय.

आणि माझी सगळ्यात आवडती ओळ, पेज ब्यूकर्स. यूकॉन, फ्रेशमन २०.० पॉइंट्स, एपी या न्यूज एजन्सीची प्लेयर ऑफ द इयर, फ्रेशमन म्हणून पहिलीच. मग गुडघा, मग परत गुडघा, २०२२-२३ पूर्ण सीझन बाहेर. २०२४-२५ शेवटचं वर्ष, १९.९ पॉइंट्स आणि टायटल, फायनलला साउथ कॅरोलिनाला ८२-५९. वीस आणि वीसला एक दशांश कमी! पॉइंट्सची सरासरी हाच पुरावा मानणाऱ्यांच्या हिशोबाने ही मुलगी इतक्या वर्षांत काहीच शिकली नाही. व्हिडिओ बघा, पहिल्या वर्षी ती पास जास्त शोधायची, कधी कधी स्वतःचा चांगला शॉट सोडून. शेवटच्या वर्षी कुठून मारायचं ते ठरलेलं, मिडरेंजला (बास्केट आणि थ्रीच्या लाइनच्या मधे) पोचली की बहुतेक पझेशन तिथेच संपतं.

२६ जून

काल ड्राफ्टची पहिली फेरी. रटगर्सचा डिलन हार्पर दुसरा, एका वर्षात बाहेर. ओक्लाहोमाचा जेरेमाया फिअर्स सातवा, तोही फ्रेशमन. क्लेटन, टायटल जिंकून, फायनल फोरचा बेस्ट प्लेयर होऊन, १८ वा. एनबीएवाल्यांचं गणित मला कळतं, एकोणीस वर्षांच्या पोराला जे आज जमतं ते बावीस वर्षांच्याला जमण्यापेक्षा महाग. पण यामुळे माझ्या शीटमध्ये एक वाकडेपणा येतो: जे सगळ्यात हुशार ते एका वर्षात गायब, चार वर्षांचे आलेख उरतात ते मागे राहिलेल्यांचे. "कॉलेज गार्ड असे वाढतात" म्हणताना एका वर्षात गेलेल्यांना वगळूनच बोलायला लागणार. वयाचा कॉलम टाकलाय, वर्षाच्या शेजारीच, कारण कोविडमुळे खेळायला मिळालेल्या जादा वर्षामुळे पाचव्या वर्षाचे सिनियर आणि अठराचे फ्रेशमन एकाच तक्त्यात बसले होते.

६ जुलै

डिफेन्स राहिला होता. आकड्यांत पकडायला सगळ्यात अवघड. मार्कस स्मार्ट, ओक्लाहोमा स्टेट, थ्री २९.० आणि २९.९ टक्के, दोन वर्षांत शूटिंग जवळजवळ जागच्या जागी, मॅचला तीनच्या आसपास स्टील (समोरच्याकडून बॉल काढून घेणं). ड्राफ्टमध्ये सहावा गेला आणि २०२२ ला एनबीएचा डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर, १९९६ च्या गॅरी पेटननंतरचा पहिला गार्ड.

स्टील फसवतात पण. फ्रेशमन स्टीलसाठी झेप घेतो, एक मिळतो, तीनदा मागून माणूस सुटतो आणि ते तीन कुठे लिहिलेच जात नाहीत. जुना गार्ड झेप घेत नाही, स्क्रीनच्या वरून अंग चोरून निघतो आणि बॉलच्या समोर राहतो. एप्रिलच्या फायनलचं शेवटचं पझेशन परत बघितलं: ह्यूस्टन दोनने मागे, शूटर थ्रीसाठी हवेत उठला, क्लेटन धावत आला, फाउल न करता, हात वर, त्यामुळे शूटरला बॉल हवेतच सोडून द्यावा लागला, आणि मग त्याला तो परत उचलताही येईना कारण ट्रॅव्हल (बॉल घेऊन नियमाबाहेर हलणं) झालं असतं. मॅच संपली. क्लेटनचे पहिल्या हाफमध्ये शून्य पॉइंट्स, पूर्ण मॅचमध्ये ११, आणि बॉक्स स्कोअरमध्ये त्या धावण्यासाठी रकानाच नाही.

नोव्हेंबरपासून नवीन सीझन याच शीटमध्ये चालू, दोन जादा कॉलम घेऊन: शेवटच्या पाच मिनिटांत समोरच्या टीमच्या बेस्ट गार्डला कोण धरतंय, आणि शॉट मारणाऱ्यावर धावून जाताना किती फाउल होतायत. दोन्ही हातानेच भरावे लागणार.